दगडावरचे फटकारे

नगरला कापडबाजाराच्या मागच्या बोळात गोरक्षनाथ वाघस्करांचं घर आहे. त्या घराच्या मोरीत कपडे धुवायचा दगड पाहून सुकन्या गर्जे जागच्या जागी थबकली. ती आली होती भलत्याच कामाला. वाघस्करांची पुतणी तिच्या शाळेत नववीला होती. पोरीचा हात चांगला होता, पण चित्रकलेच्या ग्रेड परीक्षेला बसवायला घरचे नाही म्हणत होते. सुकन्या चित्रकलेची शिक्षिका. समजूत काढायला म्हणून आली, चहा झाला, हात धुवायला मोरीकडं गेली आणि तिथंच उकिडवी बसून दगडावरून बोटं फिरवायला लागली. वाघस्करांच्या बायकोला वाटलं, बाईंना चक्कर आली.

असा दगड आपल्याकडं निघत नाही. आपला दगड काळा, खडबडीत. हा फिकट पिवळा, साबणाच्या वडीसारखा गुळगुळीत. आजच्या लोकांना माहीत नाही, पण एके काळी असे दगड जर्मनीतून बोटीनं यायचे आणि त्यांच्यावर छपाई चालायची. शिळाछाप म्हणत त्याला. वाघस्करांच्या पणजोबांचा शिळाप्रेस होता. विडीच्या बंडलांची लेबलं, तमाशाच्या जाहिराती, काय काय तिथं छापलं जायचं. पुढं प्रेस बंद पडला, यंत्र भंगारात गेलं, दगड तेवढे उरले. मोठा मोरीत आला आणि धाकटा जिन्याच्या तळाशी पायरी म्हणून बसला.

सुकन्यानं ते दोन्ही दगड मागून घेतले. मोरीत त्या जागी ग्रॅनाइटची चांगली फरशी बसवून दिली. वाघस्करांना मनातून वाटलं की बाई खुळी आहे. पुतणीला मात्र त्यांनी परीक्षेला बसू दिलं.

या दगडांसाठी सुकन्यानं वीसेक वर्षं वाट पाहिली होती. ती मूळची पाथर्डीच्या पूर्वेकडची. आईबाप, लंकाबाई आणि सहादेव, दसरा झाला की कोयते घेऊन साखर कारखान्याच्या वाटेला लागत, ते उन्हाळ्यातच माघारी येत. सुकन्या आणि तिचा धाकटा भाऊ कल्याण शाळेसाठी मागं राहायचे, चुलतीपाशी, गोजरबाईपाशी. गोजरबाई जेवायला वेळेवर घालायची, पण दिवसभर कोण काय करतंय हे बघायची नाही. त्यामुळं घराच्या सारवलेल्या भिंती चित्रं काढायला सुकन्याच्या हवाली होत्या. त्या भिंतींवरनं ती पाथर्डीला आली, तिथनं नगरला, आणि नगरहून मुंबईच्या एका कला महाविद्यालयात गेली.

तिथल्या तळघरात मुद्राचित्रणाचा, म्हणजे छापाची चित्रं काढण्याचा, वर्ग होता. बाकीची मुलं दगडावर मन लावून देवळं, म्हातारे, बैल काढत. सुकन्यानं एके दिवशी रुंद कुंचला चरबीच्या काळ्या शाईत बुडवला, खांद्यापासून हात फिरवला आणि दगडाच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत एकच फटकारा ओढला. सरांनी विचारलं, हे काय आहे.  चित्रात माणूस नव्हता, झाड नव्हतं, काहीच नव्हतं. नुसता हात गेल्याची खूण होती. पण छाप निघाला तेव्हा कुंचल्याचा एकेक केस कागदावर उमटला होता. कुठं हात घाईनं गेला, कुठं जरा बावरला, कुठं शाई संपत आली, सगळं. कागदावर मारलेला फटकारा कागद पिऊन टाकतो. दगड पीत नाही, धरून ठेवतो. शेजारच्या टेबलावर रविराज नावाचा कोल्हापूरचा मुलगा काम करायचा. तो बराच वेळ त्या छापाकडं बघत राहिला आणि एवढंच म्हणाला, "परत मार."

ती दोन वर्षं तिनं तळघरातच काढली म्हटलं तरी चालेल. मग सहादेव आजारी पडले. ती नगरला परतली, मनमाड रोडवरच्या एका शाळेत लागली आणि तिथंच राहिली. लग्नाची बोलणी आली, फिसकटली, पुढं कुणी काढली नाहीत. सहादेव गेले. शाळेत चित्रकला म्हणजे फळ्यावरचा सुविचार, स्नेहसंमेलनाचा पडदा, पाहुणे येणार असले की दारातली रांगोळी आणि संस्थेच्या अध्यक्षांच्या वाढदिवसाचा फलक. मुख्याध्यापक तिला अगदी आपुलकीनं सांगायचे की मॅडम, तुमचं अक्षर फार सुंदर आहे. सुकन्या मान हलवायची आणि घरी येऊन जुन्या वर्तमानपत्रांवर कुंचल्यानं फटकारे मारत बसायची. वर्तमानपत्र सगळं पिऊन टाकायचं.

तर दगड मिळाले. आता यंत्र हवं होतं. दगडावर कागद ठेवून त्याच्यावरनं जबरदस्त दाबानं लाकडी पट्टी ओढायची असते, तेव्हा छाप निघतो. असलं यंत्र विकत कुठं मिळणार. कल्याणचं नागापूरच्या एमआयडीसीत फॅब्रिकेशनचं छोटं वर्कशॉप होतं. त्यानं मोबाईलवर परदेशातले व्हिडिओ पाहिले, भंगारातून चॅनेल, रूळ, जुन्या मशीनचं चाक गोळा केलं आणि दिवसभराची कामं उरकली की बहिणीचं यंत्र जोडायला लागला. मनातून त्याला हा खटाटोप पटलेला नव्हता. ताईनं शाळेच्या जिवावर निवांत राहावं असं त्याचं म्हणणं. पण ताईनं मागितलं आणि आपण दिलं नाही, हेही त्याला जमणारं नव्हतं. यंत्र उभं राहिलं. सुकन्या बोल्हेगावला राहायची, तिच्या घरामागं पत्र्याची शेड होती, तिथं ते आणून बसवलं.

पहिल्याच दिवशी मोठा दगड फुटला.

सुकन्यानं आठवडाभर त्याला वाळूनं घासून धुण्याचे डाग काढले होते. त्याच्यावर फटकारा ओढला होता, आणि तो कॉलेजातल्यासारखाच आला होता, मोकळा, एका दमात. बाभळीच्या डिंकात सोनाराकडून आणलेल्या ॲसिडचे थेंब घालून वरनं लेप दिला होता, तो सुकू दिला होता, शाई चढवली होती. कल्याणनं चाक फिरवलं, पट्टी अर्ध्यावर गेली आणि 'कट्' असा आवाज झाला. फार मोठा नव्हे. कागद उचलला तर मधोमध रेघ. दगडाचे दोन तुकडे झाले होते.

कल्याणनं चाक सोडलं. मग कल्याण म्हणाला, "दगड फुटला म्हणून यंत्राला नावं ठेवू नको, ताई. त्याच्यावर पिढ्यान् पिढ्या धुणं आपटलंय."

"धुण्यानं नाही फुटला. तुझ्या वेल्डिंगच्या गाठीवर फुटला."

खाली हात घालून पाहिलं तर दगड ठेवला होता त्या पाटाखाली वेल्डिंगची गाठ खरोखरच वर आलेली होती. आणि दगडाच्या पोटात जुनी चीरही होती, ती तुटलेल्या कडेवर काळपट दिसत होती. दोघांचंही खरं होतं, म्हणून भांडण मिटायला काही जागाच राहिली नाही. कल्याणनं पुढच्या रविवारी येऊन गाठ घासून सपाट केली, चहा न घेता निघून गेला, आणि कितीतरी दिवस त्यांचं बोलणं मोबाईलवरच्या 'हो' आणि 'बरं' इतकंच राहिलं.

धाकटा दगड उरला. त्याच्यावर खांद्यापासून हात फिरवायला जागाच नव्हती; फटकारा नीट सुरू व्हायच्या आत दगड संपायचा. तरी सुकन्या त्याच्यावर काम करत राहिली. या कामात अशी गंमत आहे की चित्र काढायला एक श्वास पुरतो आणि त्याच्यामागं दोन-तीन दिवसांची हमाली असते. दगड घासा, धुवा, वाळवा. चित्र काढा. डिंक लावा, थांबा. मग टर्पेंटाइननं चित्र पुसून काढा. होय, पुसायचंच असतं. दगडात फक्त चरबी उरते, डोळ्याला जवळजवळ काही दिसत नाही. मग ओल्या दगडावर शाईचा रूळ फिरवायचा. जिथं चरबी तिथं शाई बसते, जिथं पाणी तिथं बसत नाही. हे जमलं तर. नगरच्या उन्हाळ्यात पत्र्याखाली ते जमत नाही. दगड बघता बघता कोरडा पडायचा, शाई पातळ व्हायची आणि सगळं चित्र डांबरासारखं काळं होऊन बसायचं. हिवाळ्यात जमायचं तेव्हा शाळेची संमेलनं असायची. छाप निघालाच तर तिला तो आवडायचा नाही. दगड पुन्हा घासायचा, म्हणजे ते चित्र कायमचं गेलं. अशी किती चित्रं तिनं वाळूबरोबर गटारात सोडली त्याला गणती नाही.

शाळेत एकदा तिनं दोन छाप नेऊन दाखवले होते. सहकारी बाईंनी विचारलं की शाई सांडली का. मुख्याध्यापक म्हणाले की यात खालची बाजू कुठली तेवढं सांगा. ते गमतीनं म्हणाले, सगळे हसले, सुकन्याही हसली. परत काही न्यायचं नाही असं तिनं त्याच दिवशी ठरवलं.

आणि मग एका वर्षी पावसाळा सरता सरता रविराजचा फोन आला. तो आता पुण्यात असतो, चित्रप्रदर्शनं भरवतो, त्याच्या शब्दाला तिथं वजन आहे. दगडावर काम करणाऱ्या चार-पाच जणांचं प्रदर्शन तो करत होता. कुणीतरी त्याला सांगितलं की नगरमध्ये एक बाई शेडमध्ये शिळाछाप काढते, आणि त्यानं नाव न विचारताच ओळखलं होतं. दिवाळीनंतर काम पाहायला येतो म्हणाला. सुकन्यानं फोन ठेवला आणि शेडमध्ये जाऊन नुसतीच उभी राहिली. इतक्या वर्षांत पहिल्यांदा कुणीतरी तिच्याकडं तिचं काम मागत होतं.

त्याच महिन्यात तिचा उजवा खांदा धरला.

आधी फळ्यावर लिहिताना कळ यायची. मग वेणी घालता येईना. मग हात छातीच्या वर जाईचना. कुणी आतून खिळा मारल्यासारखा तिथंच अडायचा. सावेडीतल्या डॉक्टरांनी सांगितलं की याला खांदा गोठणं म्हणतात, या वयात बायकांना होतं, वर्ष-दीड वर्षात आपोआप सुटतो. सुकन्यानं विचारलं, दिवाळीपर्यंत? डॉक्टर हसले. त्यांना वाटलं बाईंना फराळाची काळजी आहे.

कल्याणनं परस्पर आईला गावाहून आणून सोडलं. लंकाबाईनं कोयता खाली ठेवून बरीच वर्षं झाली होती, पण रिकामं बसायची सवय तिला लागली नव्हती. तिनं आल्या आल्या स्वयंपाकघर ताब्यात घेतलं आणि सकाळ-संध्याकाळ लेकीचा खांदा तेलानं चोळायला लागली. तिळाचं तेल, त्यात ओवा आणि लसूण कढवलेला. तिचा हात जड होता. सुकन्याच्या डोळ्यात पाणी यायचं. आराम काही पडायचा नाही.

दिवाळीची सुट्टी लागली. सुकन्या रोज शेडमध्ये जायची. हात वर जात नव्हता, म्हणून दगड जमिनीवर ठेवून वाकून पाहिलं. डाव्या हातानं पाहिलं; डावा हात शाळेतल्या पहिलीच्या पोरासारखा चालायचा. उजव्यानं मारलेला फटकारा निम्म्यावर कोमेजायचा. तिला हवा होता तो मोकळा झोत, तळघरातला, आणि दगडावर उमटायचं ते एका दुखऱ्या बाईचं खरडणं. ती पुसायची, घासायची, पुन्हा काढायची. दगड घासतानाही खांदा दुखायचाच. लंकाबाई शेडच्या दारात लसूण सोलत हे सगळं बघायची. एकदा न राहवून म्हणाली, "एवढा जीव काढून काढतीस, आन मंग वाळूनं घासून टाकतीस. मंग काढतीस कशाला?"

सुकन्याला त्या प्रश्नाचाच राग आला.  एवढंच म्हणाली की आई, दगडाला कुणी हात लावायचा नाही. बोटाचं तेलसुद्धा त्याला चालत नाही.

एका सकाळी बऱ्यापैकी फटकारा आला. फार नव्हे, पण पुसून टाकावा असा नव्हता. दगड तसाच जमिनीवर सुकत ठेवून ती आंघोळीला गेली. परत येऊन तिनं डिंक लावला, दुसऱ्या दिवशी पुसलं, रूळ फिरवायला लागली. फटकारा हळूहळू काळा होत वर आला. आणि त्याच्या उजव्या अंगाला, जिथं कोरी जागा होती, तिथं आणखी काहीतरी यायला लागलं. आधी एक डाग. मग पाच. पाच बोटं, आणि त्यांच्यामागं तळहाताची टाच, दगडावर टेकून खाली घसरत गेलेली. तळाशी दाट, कडेला विरळ, तळहाताच्या रेषांपाशी तुटलेली.

काय झालं होतं ते तिला लगेच कळलं. लंकाबाई तेलाची वाटी घेऊन लेकीला शोधत शेडमध्ये आली असणार. तिथं खाली बसली असणार. आणि उठताना गुडघ्यानं दगा दिला म्हणून जे हाताशी होतं त्याला टेकली असणार.

सुकन्या आईला जे बोलली ते इथं सगळं सांगण्यात अर्थ नाही. दगडापासून सुरू झालं आणि पार मागं गेलं. दसऱ्यानंतर गोजरबाईच्या दारात सोडून जाण्यापर्यंत. लंकाबाई ऐकत उभी होती. तिनं हात पदराला पुसले. दुपारी तिनं कल्याणला फोन लावायला सांगितलं, आणि तो येऊन तिला माळीवाड्याच्या स्टँडवर घेऊन गेला. पाथर्डीची गाडी लागलेलीच होती.

रविराज आला तेव्हा शेडमध्ये दोरीवर सगळे छाप वाळत होते. तो पूर्वीपेक्षा स्थूल झाला होता, पण बघण्याची पद्धत तीच, न बोलता बराच वेळ. सुकन्यानं तो हाताचा छापही लावला होता.  तिनं त्या दगडाचे चार कागद ओढले होते, रागारागात, आणि ओढताना तिच्या लक्षात आलं होतं की त्या पाच बोटांपुढं तिचा स्वतःचा फटकारा पांगळा दिसतोय.

रविराज त्याच्यासमोरच थांबला. बाकीची चित्रं तुझ्याच जुन्या कामाची नक्कल आहेत, तो म्हणाला. हे आत्ताचं आहे. यात वजन आहे. प्रदर्शनाच्या पहिल्याच भिंतीवर हे लावू.

"तो हात माझा नाही," सुकन्या म्हणाली. "आईचा आहे. चुकून लागला."

रविराजला त्यात अडचण दिसली नाही, उलट त्याचे डोळे चमकले. अपघात पचवता येणं हीच तर या चित्रांची ताकद, असं त्याचं म्हणणं. दगड तुझा, छाप तू काढलास, पुसून न टाकायचं तू ठरवलंस. आणि आई ऊसतोडणीला जायची ना? तेही लिहू बाजूला. लोकांना भिडेल.

सुकन्यानं विचार करते म्हणून सांगितलं. तो गेल्यावर तिनं छाप दोरीवरनं काढला आणि दुसऱ्या दिवशी पाथर्डीची गाडी धरली.

लंकाबाई ओसरीवर बसली होती. लेकीला पाहून तिनं चहा टाकला, खांदा कसा हाय म्हणून विचारलं. जणू काही झालंच नव्हतं. सुकन्यानं माफी मागायचा प्रयत्न केला, तो आईनं पुढं जाऊच दिला नाही. मग तिनं छाप उलगडून दाखवला आणि पुण्याच्या प्रदर्शनात तुझा हात लावायचा म्हणतात, असं सांगितलं. लंकाबाईनं कागद लांब धरून पाहिला.

"दगडाला हात लावला म्हनून मला हाकललंस," ती म्हणाली. "आन आता त्योच हात चार लोकांत टांगायचा म्हंतीस."

सुकन्यानं चहाचा कप खाली ठेवला.

"टांगशील तर लोक इचारतील ह्यो कुनाचा हात. उसवालीचा, म्हनतील. मंग मलाच बघतील. तू एवढं शिकलीस, त्ये कोन बघल?" तिनं कागद गुंडाळून लेकीच्या मांडीवर ठेवला. "न्हाई म्हंजी न्हाई. तुझं तू काढ. न्हाई आलं तर नको धाडू."

परतीच्या जीपमध्ये सुकन्या खिडकीशी अवघडून बसली होती. शेजारणीचा कोपर खांद्याला लागला की कळ डोक्यात जायची. तिला सगळ्यांचाच राग येत होता. आईनं होकार दिला असता तर सुटका झाली असती. रविराजनं न बघितल्यासारखं केलं असतं तर सुटका झाली असती. आई म्हणाली ते खरं होतं आणि रविराज म्हणाला तेही खोटं नव्हतं, आणि या दोघांच्या मध्ये तिच्या हातात काय होतं, तर छातीपर्यंत जाणारा एक हात.

तिनं रविराजला नकार कळवला. तो नाराज झाला. म्हणाला, मग दुसरं काय आहे ते पाठव, बघतो. सुकन्यानं दगडावरचा तो हात वाळूनं घासून काढला. त्याला नेहमीपेक्षा जास्त वेळ लागला, कारण तेल खोल मुरलं होतं, आणि कारण ती मध्येमध्ये थांबत होती.

कल्याण आपणहून आला. आईनं त्याला काय सांगितलं होतं कुणास ठाऊक, पण तो काही न विचारता दगड घासायला बसला, आणि यंत्राच्या पट्टीचा दाब पुन्हा पुन्हा जुळवत राहिला. सुकन्यानं मग एक केलं. खांद्यातून हात फिरवायचा नाद तिनं सोडला. कुंचला दोन्ही हातांत घट्ट धरला, दगड कमरेइतक्या उंचीवर ठेवला आणि कमरेतून सगळं अंग वळवलं. फटकारा निघाला, दगडाच्या मध्यापर्यंत आला आणि जिथं कळ आली तिथं आदळल्यासारखा थांबला. तिथं शाईचा थर साचला. सुंदर नव्हतं ते. मोकळं तर नव्हतंच. तिनं दुसरा मारला, तिसरा मारला. कल्याणनं विचारलं, हे पुसायचं का. ती म्हणाली, राहू दे.

एक चित्र छापून दगड घासायचा, मग पुढचं काढायचं, असे तीन वेगळे छाप तिनं पुण्याला पाठवले.

प्रदर्शन एका जुन्या बंगल्यात होतं. पहिल्या भिंतीवर बडोद्याच्या एका चित्रकाराचं काम होतं, मोठमोठे, श्वास घेणारे फटकारे, सुकन्याला तळघरात यायचे तसे. तिचे तीन छाप जिन्याच्या बोळकांडीत होते, वरच्या मजल्यावर जाणारे लोक त्यांना खांदा घासून जायचे. रविराज नीट बोलला, चहा दिला, दोघा-तिघांशी ओळख करून दिली. जाड चष्म्याच्या एका गृहस्थांनी तिला सभ्यपणे विचारलं की ही मालिका अजून पूर्ण व्हायची आहे का. तिनं सांगितलं, झाली आहे. ते म्हणाले, अच्छा, आणि वर गेले. एक मुलगी तिसऱ्या छापासमोर बराच वेळ उभी होती, तेव्हा सुकन्याच्या मनात काहीतरी हललं. मग कळलं की तिला तिथंच मोबाईलची रेंज येत होती.

दुपारून कल्याण आईला घेऊन आला. लंकाबाईनं चप्पल दारात काढली, कुणी नको म्हणालं तरी. बोळकांडीत येऊन तिनं तिन्ही छाप पाहिले.

"हे तुझंच?"

"हो."

"समदं?"

"सगळं माझंच आहे, आई."

लंकाबाईनं फटकारा जिथं थांबला होता त्या जागेकडं बोट नेलं, आणि काचेला लागायच्या आत मागं घेतलं. "हितं दुखलं तुला," ती म्हणाली, आणि पाणी कुठं मिळंल म्हणून विचारलं.

त्या प्रदर्शनाबद्दल वर्तमानपत्रात छापून आलं, त्यात सुकन्याचं नाव नव्हतं. छाप परत आले. मुख्याध्यापकांनी मात्र पुण्याच्या प्रदर्शनाबद्दल परिपाठाच्या वेळी तिचं अभिनंदन केलं आणि त्याच दमात पुढच्या आठवड्यातल्या रांगोळीची आठवण दिली.

पुढच्या उन्हाळ्यात खांदा खरंच सुटला. सगळा नाही, कानापर्यंत. सुकन्या त्या दिवसाची वाट बघत होती. तिनं दगड घासून तयार ठेवला होता. हात वर नेला, फिरवला, आणि धाकट्या दगडावर मावेल तेवढा का होईना, जुना फटकारा जसाच्या तसा परत आला, मोकळा, एका दमात. ती बघत राहिली. त्यात काही कमी नव्हतं, आणि तिला तो आवडला नाही. ज्याच्यासाठी इतकी वर्षं चडफडत काढली तो समोर आला होता, आणि आता तो एखाद्या ओळखीच्या माणसाच्या सहीसारखा वाटत होता. बरोबर, पण त्यात बातमी काही नाही. कमरेतून वळून तसं आदळवायला गेली तर तेही येईना, कारण आता दुखत नव्हतं.

सध्या तिचं असं चाललंय. शनिवारी शाळा लवकर सुटते. ती बोल्हेगावला येते, शेडचं दार उघडते, पत्रा तापलेला असतो. लंकाबाई नगरला असली तर दारात खुर्ची टाकून बसते, आत पाऊल टाकत नाही. सुकन्या कुंचला भिजवते, एक फटकारा मारते, बघते, तोंड वाकडं करते. आणि वाळूचा डबा पुढं ओढते.